साहेबांसाठी घर बघताना

आमच्या शेल्टरमध्ये एक कुत्रा खुर्चीत बसून जेवतो, असं मी वर्गात सांगितलं तेव्हा सगळे खो खो हसले. मग मी फळ्यावर त्याची अन्ननलिकाच काढून दाखवली. हसू थांबलं आणि मागच्या बाकावरून चक्क प्रश्न यायला लागले. मला भलतंच भारी वाटलं!

त्याला सगळे साहेब म्हणतात. खुर्चीत ताठ बसून ते आसपासच्या सगळ्यांकडे असं बघतात, की 'तो बसला' म्हणायला जीभच वळत नाही. साहेब बसले, साहेब जेवले, असंच तोंडात येतं. एक कान उभा, एक आडवा, आणि चेहरा कायम कुणाची तरी रजा नामंजूर केल्यासारखा.

भानगड अशी आहे. आपण घास गिळला की घशाखालची नळी तो ढकलत ढकलत पोटात नेते. साहेबांची नळी ढकलतच नाही. इलॅस्टिक गेलेल्या मोज्यासारखी नुसती लोंबत असते. म्हणून त्यांना सरळ बसवून भरवायचं, आणि खाल्ल्यावरही अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. मग अन्न आपल्या वजनानं खाली उतरतं. त्याआधी ते आडवे झाले तर सगळं वर येतं आणि फुप्फुसात जाऊ शकतं. एकदा गेलंही होतं. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा त्यांना वाचवलं, पण बजावलं, "पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही नसेल."

शेल्टरमध्ये कुत्रे ढीगभर आणि माणसं मोजकी. दर जेवणाला साहेबांपाशी कोण बसणार? मी सुट्टीच्या दिवशी बसायचे, पण सुट्टी काय रोज असते?

"याला धीराचं घर हवं," शेल्टर चालवणाऱ्या ताई म्हणाल्या. "आणि लवकर हवं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला. धीर माणसात दिसतो कुठे? मी जो भेटेल त्याला निरखायला लागले. पप्पांचा धीर सिग्नल हिरवा व्हायच्या आत संपतो. दुकानातल्या रांगेत एक आजोबा अगदी शांत उभे दिसले, मी खूश झाले, तर ते उभ्या उभ्या झोपले होते. आपणच घेऊ या का साहेबांना, असं आईला विचारलं, तर ती म्हणाली, "आपल्या घरात अर्धा तास बसणार कोण? तू तर दात घासतानासुद्धा घरभर फिरतेस." हे मात्र खरं होतं.

पहिलं स्थळ आलं ते एका ग्रंथपालांचं. एकटे, हळू बोलणारे, घरात टाचणी पडली तरी ऐकू यावी इतकी शांतता. मी ताईंना छातीठोकपणे सांगितलं, "हेच! डोळे मिटून द्या." आणि दुसऱ्याच दिवशी ते साहेबांना घेऊन परत आले. खाऊ घातलं, शेजारी वाचत बसले, वाचता वाचता असे बुडाले की साहेब खुर्चीतून निसटून गादीवर पसरले तरी यांना पत्ता नाही. खोकल्याच्या आवाजानं ते भानावर आले. नशीब, फुप्फुसात काही गेलं नव्हतं.

"शांत बसायला मला जमतं," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचे डोळे लाल झाले होते. "पण मी तिथे असतच नाही गं."

मी साहेबांच्या आडव्या कानामागे खाजवत राहिले. इतका शांत माणूस, आणि तरी नाही? मग आता शोधायचं तरी काय?

दुसरं स्थळ होतं एका शिंप्याचं. खाली दुकान, वर घर. घरात शिंपीकाका, काकू आणि काकांची मोठी बहीण, तिला सगळे अक्का म्हणत. ताई, मी, साहेब आणि त्यांची खुर्ची असं सगळं लटांबर जिना चढत होतं, तेव्हाच वरून आवाज आला.

"तुझ्या नवऱ्यानं बेतली ती पँट! मी फक्त शिवली!"

"अहो अक्का, नवरा माझा असला तरी भाऊ तुमचाच आहे ना? माझ्याकडे आला तो असाच आला!"

मी ताईंकडे बघून मान हलवली. छे! काका तर बसल्या जागी पाय हलवत होते, सुईत दोरा एका फटक्यात गेला नाही म्हणून सुईला शिव्या घालत होते. हे धीराचं घर? पण साहेबांच्या जेवणाची वेळ झालीच होती. त्या तिघांचीही पानं वाढलेली होती. काकूंनी हुकूम सोडला, "त्यालाही इथेच बसव आमच्यात, आणि तुम्ही दोघीही बसा." मी टेबलाशी खुर्ची लावली आणि अक्कांना दाखवत दाखवत साहेबांना भरवलं. शेवटचे घास तर अक्कांनी माझ्या हातून काढूनच घेतले.

सगळ्यांची जेवणं उरकली. आणि कुणी उठलंच नाही.

पँटवरून गाडी काकांच्या चष्म्यावर गेली, चष्म्यावरून कुठल्याशा लग्नात अक्कांना मागच्या रांगेत बसवलं होतं त्यावर. ताटं सुकली, बोटं सुकली. भांडता भांडता अक्कांचा हात साहेबांच्या हनुवटीखाली होता. ते जरा घसरले की त्या वाक्य न तोडता त्यांना वर सारत. साहेब बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. उतरायचं नावच नाही! अशी करमणूक सोडून जाणार कोण?

तेवढ्यात खालून गिऱ्हाईक ओरडलं, "काका, आहात का?"

आता उठणार!

"थांबा!" काका बसल्या जागेवरून गरजले आणि पुन्हा चष्म्यावर आले.

मला राहवेना. "तुम्ही रोज असेच बसता? जेवण झाल्यावर?"

तिघंही माझ्याकडे बघायला लागली.

"मग? उठायचं कशाला?" काकू म्हणाल्या. "जो पहिला उठेल त्यानं भांडी घासायची. लग्न होऊन आले तेव्हापासून हाच नियम आहे."

"आणि मी काही उठत नाही," अक्का म्हणाल्या.

"मी तर मुळीच नाही," काका म्हणाले.

"दुकान?" ताईंनी विचारलं.

"गिऱ्हाइकांना ठाऊक आहे. ती खाली बाकावर बसतात. काही तर डबा घेऊन येतात," काका म्हणाले.

मी घड्याळ बघितलं. अर्धा तास केव्हाच उलटला होता. धीर वगैरे काही नव्हतं इथे, निव्वळ हट्ट होता! पण साहेबांच्या नळीला काय फरक पडतो? ताईंनी टेबलाखालून मला पाय मारला. म्हणजे, बोल.

"आधी आठवडाभर ठेवून बघा," मी म्हणाले. "मी रोज येणार. अचानक."

गेलेही. कधी शाळेआधी, कधी नंतर. एकदा काका खरंच उठायला निघाले होते, तर दोघींनी दोन्ही बाजूंनी "भांडी!" असं ओरडून त्यांना खाली बसवलं. तरी माझं मन निवांत होईना. फुप्फुसाच्या आत काय चाललंय ते बाहेरून थोडंच दिसतं?

आठवडा संपल्यावर तिघंही साहेबांना घेऊन दवाखान्यात आली. तिघांची काहीच गरज नव्हती, पण कुणीच मागे राहायला तयार नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला. एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, मग पुन्हा पहिल्या. अक्का गप्प. काकू गप्प. काकांचा पायसुद्धा हलत नव्हता. त्या माणसांना इतकं चिडीचूप मी कधी बघितलं नव्हतं आणि मला त्याचीच भीती वाटायला लागली. अक्कांनी काकूंचा हात धरला होता.

"फुप्फुसं स्वच्छ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अगदी स्वच्छ. आणि वजनही वाढलंय. न्या घरी."

"मी म्हटलंच होतं!" काका म्हणाले.

"तुम्ही कधी म्हटलंत? तुम्ही तर सकाळपासून—"

"अगं, माझ्यामुळे वाढलंय वजन, मी भरवते!"

साहेब टेबलावर बसून डावीकडे बघत होते. मग उजवीकडे.