पावलं आजोबांची, पट्टा ठकीचा

मी एक जुना पट्टा आहे, मित्रांनो. मनगटाला बांधायचा, पावलं मोजणारा. कारखान्यात एका बाईंनी मला दोनशे वेळा हलवलं, माझ्यावर दोनशेचा आकडा आला आणि मी पास झालो. कोणी चाललं की मोजायचं, एवढंच मला शिकवलं होतं. कोण चाललं हे विचारायला शिकवलं नव्हतं. पुढे मला तोंड लपवावं लागलं ते यामुळेच.

मी ज्या घरी आलो तिथे दहा वर्षांची एक मुलगी होती. तिला सगळे ठकी म्हणत. दोन जिने चढले की ती कठड्याला धरून उभी राहायची. शाळेच्या मैदानावर इतर मुलं पळायची आणि ठकी त्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. या कामात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी मला तिच्या मनगटावर बांधायला सांगितलं. "रोज सहा हजार पावलं. घरात शिजेल तेच खायचं. आणि बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर."

"हा पट्टा बरोबर मोजेल ना?" आईने विचारलं.

"यंत्र आहे हो. ते कशाला खोटं बोलेल?"

हे वाक्य आठवलं की आजही माझे आकडे थरथरतात.

पहिल्या दिवशी ठकी आठशे पावलं चालली आणि पायरीवर बसली. "आजोबा, पाय दुखतात."

आजोबा निवृत्त पोस्टमन. घरी बसून कंटाळलेले. "आण तो पट्टा इकडे," ते म्हणाले. "चाळीस वर्षं लोकांची पत्रं पोचवली, नातीची पावलं नाही पोचवणार?"

आणि त्यांनी पोचवली. रोज आठ-नऊ हजार. जुन्या सवयीने प्रत्येक फाटकापाशी थबकत, आणि त्यांच्यावर डूख धरून बसलेल्या चार कुत्र्यांना चुकवत. संध्याकाळी आई माझा आकडा वाचून कॅलेंडरवर लिहायची आणि ठकीच्या डोक्यावरून हात फिरवायची. "गुणाची गं माझी बाई ती." ठकी खाली बघायची. मी मात्र, खोटं कशाला बोलू, चमकायचो. कौतुक मलाही आवडत होतं.

आजोबा दमून आले की चहा व्हायचा. चहाबरोबर बिस्किटं, आणि आजोबांना एकटं कसं खाऊ द्यायचं, म्हणून ठकीलाही बिस्किटं. डबा वरच्या फळीवर असल्यामुळे तिला स्टुलावर चढावं लागायचं. दिवसभरात व्यायाम म्हणावा असा तेवढाच.

तीन महिन्यांनी दवाखान्याचा जिना चढताना ठकीला पुन्हा धाप लागली. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, मग आईने बरोबर आणलेल्या कॅलेंडरची पानं उलटली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"रोज एवढं चालूनही ही धाप? मग हे साधं नाही. उद्या मोठ्या दवाखान्यात जा. रक्त तपासू, हृदय तपासू."

आईने ठकीचा हात घट्ट धरला. आजोबा भिंतीवरचा दातांचा तक्ता वाचू लागले. त्यांना स्वतःचा एकही दात नव्हता. मी ठकीच्या मनगटावर होतो आणि माझ्यावर ठळक आठ हजार सातशे होते. पुसता येत असते तर पुसले असते.

संध्याकाळी आई ओट्यापाशी नुसतीच उभी होती. आजोबा स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"सूनबाई..."

"काय, बाबा?"

"काही नाही. पाणी दे जरा."

पाणी पिऊन ते परत आले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नर्सने सुई काढली. ठकीचे डोळे भरले. "आजोबा, सांगू का?" ती पुटपुटली. तेव्हा आजोबा उठले, तिला खुर्चीवरून उठवून स्वतः बसले आणि त्यांनी बाही वर केली.

"सिस्टर, मला टोचा. ती पावलं माझी आहेत."

नर्सने कागद पाहिला. "इथे वय दहा लिहिलंय."

आईला मात्र सगळं कळलं. "बाबा, तीन महिने?"

"रविवार सोडून," आजोबा म्हणाले. "रविवारी टपाल नसतं."

"पट्टा मीच दिला होता," ठकी म्हणाली. "त्यांना रागवू नकोस."

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "काल मला घास गेला नाही, बाबा." आजोबांची मान इतकी खाली गेली की मला त्यांचं टक्कल दिसलं. मला मान नाही. असती तर त्यांच्याही खाली गेली असती.

डॉक्टरीणबाईंनी खरं काय ते ऐकलं आणि म्हणाल्या, "आधी महिनाभर हिला चालू द्या. मग बघू." आजोबांकडे त्यांनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. ते जास्त झालं.

त्या संध्याकाळी ठकी स्वतः चालली. आजोबा शेजारून, हात पाठीमागे बांधून. ती दोनदा कट्ट्यावर बसली, एकदा रडली, आणि घराच्या दाराशी आली तेव्हा माझ्यावर एक हजार चाळीस होते.

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. "जरा हलवू का? निदान दोन हजार तरी..."

"नको," ठकी म्हणाली आणि आत जाऊन तिने आईसमोर हात धरला. आईने कॅलेंडरवरचे मागचे सगळे आकडे खोडले, आजच्या चौकोनात एक हजार चाळीस लिहिले आणि त्या रात्री सगळ्यांच्या ताटात एकच भाजी वाढली. आजोबांच्याही. ती त्यांना आवडत नव्हती. त्यांनी मुकाट्याने खाल्ली.

मित्रांनो, मला पावलं कळतात, माणूस कळत नाही. ते तुम्हालाच सांभाळावं लागेल. आणि घरी कोणी फार प्रेमळ असेल तर त्यांच्यावर विशेष लक्ष ठेवा. ते तुमच्यासाठी चालायला निघाले, तर त्यांना अडवू नका. चपला घाला आणि बरोबर निघा.