धुतलेली सायकल

"धुऊन टाकलीत?" आशालता दारातच थबकल्या. हातातली मासळीची पिशवी तशीच लोंबकळत राहिली.

पासिर रिसच्या त्यांच्या फ्लॅटबाहेर, कॉरिडॉरमध्ये सायकल उलटी उभी होती, नव्यासारखी चकचकीत. शेजारी स्टुलावर त्यांचे यजमान शामकांत बसले होते, एका हातात जुना टूथब्रश, दुसऱ्यात फडकं. महिन्याभरात पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा हलका दिसत होता.

"अगं, चेन बघायला हवी होतीस तू. नुसता राडा. आता कशी फिरतेय बघ." त्यांनी पेडल फिरवून दाखवलं.

उभा जन्म जहाजाच्या इंजिनरूममध्ये गेलेला. मळकं यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवायचेच. लेकीशी बोलायलाही त्यांना दुसरा विषय कधी सुचला नाही. क्षिप्रा तांजोंग पगार भागातल्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून, एकटीच, सायकलवरून पेरू-बोलिव्हियाचे डोंगर पालथे घालायला निघाली. फोन आला की आईने जेवणाखाण्याची चौकशी करावी आणि बापाने विचारावं, "चेनला तेल घातलंस?" तिकडून ती हसायची, इथल्या बोलीत म्हणायची, "घातलं, बाबा. रिलॅक्स लाह."

मग बोलिव्हियातल्या एका उंच खेड्यात विरळ हवेने तिच्या फुप्फुसांत पाणी झालं. दवाखाना घाटाखाली होता, तिथवर ती पोचली नाही. आधी ती आली, शवपेटीतून. तिला इथेच अग्नी दिला. सायकल मागाहून आली, खोक्यातून. त्या खेड्यात ज्या बाईच्या घरी क्षिप्रा उतरली होती, तिने होती तशीच बांधून पाठवलेली.

"अहो, तो चिखल तिथला होता," आशालता म्हणाल्या. "ती गेली त्या रस्त्यांचा. मी तिचे कपडे अजून पाण्यात घातले नाहीत, आणि तुम्ही..."

शामकांतांनी बादलीकडे पाहिलं. ती रिकामी होती. पाणी त्यांनी मघाशीच मोरीत ओतलं होतं.

"फार खराब झाली होती गं," ते पुटपुटले.

"असू द्यायची होती."

आपण काय करून बसलो ते त्यांना आत्ता कळलं. शवपेटी उतरवताना न रडलेला हा माणूस त्या स्टुलावर बसून, फडकं तोंडाशी धरून रडला. आशालता पिशवी घेऊन आत गेल्या. दोन दिवस दोघांत कामापुरतंच बोलणं झालं.

रविवारी सकाळी आशालताच म्हणाल्या, "उबीनला नेऊ या का तिला?" सायकलला त्या माणसासारखं ‘तिला’ म्हणाल्या, आणि ते दोघांनाही खटकलं नाही.

बोटीने ते पुलाउ उबीन बेटावर उतरले. पूर्वी शामकांत सुट्टीवर आले की लेकीला इथेच आणायचे. सीट मागून धरून पळायचे. ती ओरडायची, "बाबा, सोडू नका हं." आणि ते सोडायचे. सोडल्याशिवाय सायकल येत नाही कुणाला.

जेट्टीजवळ सायकली भाड्याने देणारा म्हातारा पुढे आला. सीट शामकांतांच्या कमरेच्या बरीच वर येत होती. लेक बापापेक्षा उंच निघाली होती.

"अंकल, सीट टू हाय फॉर यू. आय लोअर, कॅन?" पाना त्याच्या हातात तयारच होता.

शामकांतांनी सीटवर तळवा ठेवला. सीटखालच्या नळीवर क्षिप्राने खुणेला चिकटवलेली काळी टेप होती. धुताना तेवढी वाचली होती. सायकल जोडताना त्यांनी सीट बरोबर त्या खुणेपर्यंत घेतली होती.

"नो, थँक यू," ते म्हणाले. "धिस इज माय डॉटर्स हाइट."

म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं, आशालतांकडे पाहिलं आणि पाना खिशात टाकला.

सायकल हातात धरून ते चालू लागले. आदल्या दिवशीच्या पावसाने कच्च्या रस्त्यात डबकी साचली होती. बाकीचे सायकलवाले कडेकडेने जात होते. शामकांतांनी सायकल मधोमध घातली. चाकं चिखलाने भरली. आशालतांनी ते पाहिलं आणि त्याही मधूनच चालू लागल्या.

चढ लागला तशी शामकांतांना धाप लागली.

"द्या इकडे," आशालता म्हणाल्या. "दमलात."

"तू हँडल धर."

त्यांनी हँडल धरलं. शामकांत मागे आले आणि त्यांनी सीट धरली. चढ संपला, उतार लागला, तरी त्यांनी ती सोडली नाही.