दोनशे अठ्ठ्याण्णव, कमी-जास्त नऊ

गणिताच्या बाईंच्या गळ्यात पालकसभा पडली, कारण शिक्षकांच्या बैठकीला त्या नव्हत्या. त्या दिवशी त्यांची दाढ काढली होती. दुसऱ्या दिवशी गाल धरून शाळेत आल्या, तर टेबलावर चिठ्ठी: ‘राज्यस्तरीय चाचणीचा अहवाल पालकांना समजावून सांगणे – आपण.’ खाली मुख्याध्यापकांची सही. बाईंना तोंड उघडता येत नव्हतं. त्यांनी नुसती मान हलवली आणि ती संमती धरण्यात आली.

चाचणी तीन महिन्यांपूर्वीच झाली होती. राज्यातल्या नववीच्या सगळ्या मुलांनी एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच पेपर दिला होता. आता घरोघरी पाकिटं गेली होती आणि प्रत्येक पाकिटात चार पानी अहवाल. त्यात गुण होते, स्तर होते, पर्सेंटाइल होतं, तीन रंगांचे आलेख होते आणि आलेखांवर एक करडी पट्टी होती. पाकिटं पोचल्यापासून शाळेचा फोन दम घेत नव्हता. एका वडिलांचं म्हणणं होतं, की मुलगा नापास झाला असेल तर तसं सरळ सांगा, त्यासाठी एवढे रंग कशाला.

बाईंनी चार दिवस तयारी केली. मोठे तक्ते काढले. करड्या पट्टीचा तक्ता मात्र काढला नाही. ती कुणी विचारणार नाही, असं त्या धरून चालल्या होत्या. अहवालांबरोबर चाचणी कार्यालयाचं बारा पानी परिपत्रकही आलं होतं. त्याच्या पहिल्या पानावर ‘माहितीसाठी’ असा शिक्का होता, त्यामुळे शाळेत कुणीही दुसरं पान उलटलं नव्हतं.

सभा वाचनालयात होती. खुर्च्या साठ, माणसं नव्वद. “बाई सगळं अगदी सोपं करून सांगतील,” एवढं बोलून मुख्याध्यापक दाराजवळच्या खुर्चीत बसले.

बाईंनी सुरुवात केली. “पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. समजा, शंभर मुलं रांगेत उभी केली. तुमच्या मुलाचं पर्सेंटाइल बासष्ट असेल, तर साधारण बासष्ट मुलं त्याच्या मागे आहेत.”

“मागे म्हणजे उंचीने?” मागून एका आजोबांनी विचारलं.

“गुणांनी, आजोबा.”

“मग रांग कशाला लावायची?”

बाईंनी पुढचा तक्ता उचलला. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतल्या दंतवैद्यबाई उठल्या. बाईंची दाढ यांनीच काढली होती, त्यामुळे त्यांच्यापुढे बाईंचा आवाज आपोआप खाली आला.

“माझ्या मुलाला नव्याण्णव आहेत. एक कुठे कापला?”

“कापलेला नाही. शंभरावा तो स्वतः आहे. तो स्वतःच्याच मागे कसा उभा राहणार?”

दंतवैद्यबाईंनी क्षणभर विचार केला. “पण पुनर्तपासणीला टाकता येईल ना?”

अशा रीतीने पाऊण तास गेला. स्तर समजावून झाले: पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. तीनशे गुणांपासून तिसरा स्तर सुरू होतो, तिसऱ्यात असणं म्हणजे नववीचं नीट येणं. बाईंना वाटलं, गंगेत घोडं न्हालं. त्या तक्ते गुंडाळायला लागल्या आणि खिडकीजवळ बसलेल्या एका माणसाने हात वर केला.

हे काटेवाले. वजनकाटे दुरुस्त करणं आणि तपासून देणं हा त्यांचा धंदा. औषधाच्या दुकानातल्या बोटभर तराजूपासून ट्रक तोलायच्या काट्यापर्यंत सगळीकडे त्यांना बोलावणं असायचं. त्यांची मुलगी नववीत होती. निकाल लागल्यावर सोमवारी शाळेने एक यादी लावली होती: तिसऱ्या स्तराच्या खालची सव्वीस मुलं. या मुलांना शेवटचे दोन तास प्रयोगशाळेऐवजी पूरक वर्गात गणित करायचं होतं. काटेवाल्यांची मुलगी त्यात होती. घरी येऊन तिने रक्तगट सांगावा तसं सांगितलं होतं, “बाबा, मी दुसऱ्या स्तराची आहे.” आणि तेव्हापासून ती फारसं बोलत नव्हती.

“बाई, ही करडी पट्टी काय आहे?”

“ती मोजणीतली संभाव्य तफावत. म्हणजे हाच पेपर मुलाने दुसऱ्या दिवशी दिला असता, तर गुण थोडे इकडे-तिकडे झाले असते.”

“म्हणजे काटा हलतो तो.”

“हो, तसंच.”

“किती हलतो?”

बाईंनी अहवाल डोळ्यांजवळ नेला. “नऊ गुण. दोन्हीकडे.”

काटेवाल्यांनी चष्मा लावला आणि मुलीचा अहवाल सावकाश उलगडला. “माझ्या मुलीला दोनशे अठ्ठ्याण्णव आहेत. तिसरा स्तर तीनशेला सुरू. म्हणजे काटा हलतो नऊने आणि तुम्ही दोनवरून माणूस बाहेर काढलात.”

आजूबाजूच्यांनी आपापल्या अहवालातली करडी पट्टी शोधायला सुरुवात केली.

“हे बघा,” मुख्याध्यापक उठले, “राज्याने रेषा ठरवून दिली आहे. रेषा म्हटली की कुणीतरी तिच्याखाली राहणारच.”

“रेषेबद्दल तक्रार नाही, सर. रेषा कुठेतरी लागतेच. पण मी औषधवाल्यांचे काटे तपासतो. त्या काट्यांवर लिहिलेलंच असतं, याच्याखालचा फरक धरू नये. कुणी धरला, तर मी काट्याला दोष देत नाही. मी दुकानदाराशी बोलतो.”

मुख्याध्यापकांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी परिपत्रकाकडे पाहिलं. पंख्याच्या वाऱ्याने तक्ते उडू नयेत म्हणून त्यांनी ते तक्त्यांवर ठेवलं होतं. काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी ते उचललं, पानं उलटली आणि नवव्या पानावर त्यांना ठळक अक्षरं दिसली. ती त्यांनी मोठ्याने वाचली, कारण वाचायला सुरुवात केल्यावर मध्येच थांबणं बरं दिसलं नसतं.

“‘केवळ या चाचणीच्या गुणांवरून विद्यार्थ्याचा वर्ग, तुकडी अथवा विषय ठरवू नये. मापनातील तफावत विचारात घ्यावी.’”

तफावतीचा हा धडा बाई दरवर्षी शिकवत होत्या. अकरा वर्षं. पट्टी हातात घेऊन मुलांना एकच बाक दहा-दहा वेळा मोजायला लावायच्या आणि दहा वेगळी उत्तरं आली की खूश व्हायच्या. आणि सव्वीस मुलांची यादी करताना त्यांनी काय केलं होतं? संगणकावर गुण उतरत्या क्रमाने लावले होते आणि तीनशेच्या खाली एक रेघ ओढली होती. काम दोन मिनिटांचं. नंतर चहा प्यायल्या होत्या.

“ती यादी मी केली,” त्या म्हणाल्या. “सरांनी नुसती सही केली. चूक माझी आहे.”

मुख्याध्यापकांनी अकरा वर्षांत प्रथमच बाईंकडे आपुलकीने पाहिलं.

“चूक झाली तर झाली,” काटेवाले म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. नादुरुस्त काट्याविषयी बोलावं, तसेच ते बोलत होते. “परत तोला.”

तेवढ्यात दंतवैद्यबाईंच्या लक्षात एक गोष्ट आली. “पण मग काटा वरच्या बाजूलाही हलत असणार. ज्यांना तीनशे दोन आहेत, त्यांचं काय?”

वाचनालयातल्या बऱ्याच जणांनी आपापले अहवाल घड्या घालून पर्समध्ये आणि खिशात टाकले. सभा तिथे संपली.

पुढचा आठवडाभर बाईंनी परत तोललं. नऊ गुणांच्या आत अडकलेली अकरा मुलं होती. त्यांच्या वर्षभराच्या वह्या मागवल्या, बाकीच्या शिक्षकांना विचारलं, एकेकाला समोर बसवून बोलल्या. आठ जणांना तिथल्या तिथे प्रयोगशाळेत पाठवलं. दोघांना पूरक वर्गाची खरोखरच गरज होती आणि ते त्यांनीही मान्य केलं. राहिली काटेवाल्यांची मुलगी.

“तू जा लॅबमध्ये,” बाई म्हणाल्या. “तुझ्या वह्या चांगल्या आहेत.”

“जायचंय. पण पूरक वर्गही सोडायचा नाहीये.”

बाईंना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “का गं?”

“तिथे सगळे सारखेच आहेत. कळलं नाही म्हटलं, तर कुणी हसत नाही. मला अपूर्णांकांचा भागाकार येत नाही, बाई. सहावीपासून.”

“असं कसं? चाचणीत तुझी अपूर्णांकांची पाचही उत्तरं बरोबर आहेत.”

“चार-चार पर्याय होते. अंदाजे खुणा केल्या.”

आता हे तिच्या वडिलांना कळवणं भाग होतं. बाईंनी दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. तिसऱ्यांदा लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे कुठल्यातरी गोदामात साखळ्या वाजत होत्या.

“म्हणजे काटा तिच्याच बाजूने हलला होता?” काटेवाल्यांनी विचारलं.

“थोडासा.”

“तुम्हाला तिने आपणहून सांगितलं?”

“हो.”

“घरी नाही सांगितलं,” ते म्हणाले. मग पुढे म्हणाले, “मीही विचारलं नव्हतं म्हणा. मी नुसता तुमच्याशी भांडायच्या तयारीला लागलो होतो. बरं झालं. शिकवा तिला.”

पण दोन्हीकडे एकाच वेळी बसणं जमणार नव्हतं. मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाचा कागद उलटसुलट पाहिला आणि पूरक वर्ग सकाळी, शाळेआधी भरवावा, असं सुचवलं. सकाळी कोण येणार, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांनी नुसतं बाईंकडे पाहिलं. या वेळी बाईंना बोलता येत होतं; तरी त्यांनी मानच हलवली.

पहिल्या दिवशी सव्वासातला अठरा मुलं आली. बाईंनी टेबलावर पाण्याचा जग आणि पेले मांडले.

“या जगमध्ये पाऊण लिटर पाणी आहे. एका पेल्यात अर्धा लिटर मावतं. किती पेले भरतील?”

एकाने म्हटलं, एक. एकाने म्हटलं, दोन. काटेवाल्यांची मुलगी उठली, एक पेला काठोकाठ भरला, उरलेलं दुसऱ्यात ओतलं आणि पेला डोळ्यांसमोर धरून बराच वेळ बघत राहिली.

“दीड,” ती म्हणाली. “म्हणजे पाऊणमध्ये अर्धे किती बसतात, एवढंच विचारायचं असतं?”

“हो.”

“उलटं करून गुणायचं वगैरे सगळं त्यासाठीच?”

“त्यासाठीच.”

“मग हे सहावीत का नाही सांगितलं?”

सहावीलाही गणिताला याच बाई होत्या. त्यांनी फडकं घेतलं, सांडलेलं पाणी पुसलं आणि म्हणाल्या, “आता सांगितलं ना. पुढचं गणित घे.”