चावीवाल्याला माणूस हवा होता

"माणूस बघितला की मला कळतं," असं चावीवाला नेहमी म्हणायचा आणि त्या कळण्याच्या भरवशावर त्याने दोन वर्षांत तीन मदतनीस ठेवले होते. पहिला गिऱ्हाइकांशी गप्पा हाणत बसायचा आणि याची चावी त्याला, त्याची याला देऊन मोकळा व्हायचा. दुसऱ्याचा जेवणानंतर जो डोळा लागायचा, तो दुकानाचं शटर ओढायच्या आवाजानेच उघडायचा. तिसरा मात्र कामाला वाघ होता. पण तोही सहा महिन्यांत निघून गेला. का, ते चावीवाल्याने कुणाला धड सांगितलं नाही.

चौथ्या वेळी त्याच्या थोरल्या बहिणीने सूत्रं हातात घेतली. एका मोठ्या रुग्णालयात माणसं भरती करण्यात तिची उभी हयात गेली होती.

"या वेळी तू फक्त हात बघायचे," ती म्हणाली. "तोंडं मी बघते."

"ताई, माझं साडेतीन माणसांचं दुकान. एवढा थाट कशाला?"

"साडेतीन कुठले? तू एकटा आहेस. बाकीचे अडीच पळाले."

तिने कागदावर सहा प्रश्न लिहिले. तीन उमेदवार यायचे होते; तिघांनाही तेच सहा, त्याच क्रमाने. मग प्रत्येकाने एक चावी घासायची आणि एक अडलेलं कुलूप सोडवायचं. शेवटची परीक्षा मात्र न सांगता घ्यायची होती. "लोकांच्या घरादाराच्या चाव्या या माणसाच्या हातात जाणार," ताई म्हणाली. "हात सोन्याचे आणि नियत कच्ची असेल, तर काय करायचंय?"

त्यासाठी तिने शेजारच्या शिंप्याला गाठलं. त्याने कुलूपबंद पेटी घेऊन यायचं, ती बायकोची आहे असं सांगायचं आणि तिला न कळवता उघडून मागायची. उमेदवाराने अवजार उचललं की ताई त्याला थांबवणार होती. शिंपी तरुणपणी नाटकांत भालदार-चोपदार झालेला. तीस वर्षांनी पुन्हा काम मिळतंय म्हटल्यावर त्याची कळी खुलली.

पहिला उमेदवार हसतमुख होता. आल्या आल्या त्याने चावीवाल्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि चावीवाला तिथेच विरघळला. चावी त्याने सुरेख घासली, कुलूप बोलता बोलता सोडवलं. तेवढ्यात शिंपी पेटी घेऊन आला.

"बायकोची आहे. तिला कळायच्या आत जरा उघडून द्या."

"बायकोच्या आधी आपल्याला कळायलाच पाहिजे, काका," हसतमुख म्हणाला आणि ताईने तोंड उघडायच्या आत कुलूप उघडलं. झाकण वर गेलं. शिंप्याने आत बघितलं, त्याचे कान लाल झाले आणि त्याने घाईघाईने झाकण लावून कुलूप दाबलं.

"काय होतं रे आत?" तो माणूस गेल्यावर चावीवाल्याने विचारलं.

"काही नाही," शिंपी पुटपुटला. घरात कुलूप असलेली ती एकच पेटी होती, म्हणून त्याने बायकोला न विचारता खरोखरच तिची उचलून आणली होती.

दुसऱ्याने चावी वाकडी घासली. पेटी बघून तो म्हणाला, "मालक सांगतील तसं." ताईने कागदावर काहीतरी लिहिलं.

तिसरी एक चाळिशीची बाई होती. आधी ती सायकल दुरुस्तीच्या दुकानात होती. हसली नाही, मोजकं बोलली. चावीवाल्याने ताईकडे बघून नाक मुरडलं. पण बाईने चावी घासली, उजेडात धरली, पुन्हा एकदा घासली आणि मगच पुढे ठेवली. अडलेल्या कुलपात तिने आधी फुंकर घातली, मग तेल. ते मुकाट्याने उघडलं.

शिंपी आला. आता तो पुरता रंगात आला होता. पेटीत आईची शेवटची आठवण आहे, बायको ती दाखवत नाही, असं काहीबाही सांगून त्याने डोळ्याला रुमालही लावला.

बाईने त्याला स्टूल दिलं, प्यायला पाणी दिलं. "पेटी त्यांची आहे ना? मग त्यांना घेऊन या. त्यांच्यासमोर दोन मिनिटांत उघडून देते."

"ती नाही यायची हो."

"आलेय मी," दारातून आवाज आला. शिंप्याची बायको पेटी शोधत शोधत तिथवर पोचली होती. "आणि कुणी उघडली ही? कुलूप उलट्या बाजूने लावलंय."

शिंप्याचं नाटक तिथेच आटोपलं. त्याने सगळं कबूल केलं. पेटीत त्याच्या साठाव्या वाढदिवसासाठी अर्धा विणलेला स्वेटर होता, नारिंगी रंगाचा.

"बघितलात?"

"एकच बाही बघितली," शिंपी म्हणाला. ताईने पदर तोंडाला लावला. शिंपीणबाईही फार वेळ रागावून राहू शकली नाही. "आता नारिंगी आवडत नाही म्हणायची सोय राहिली नाही तुम्हाला," म्हणत ती पेटी आणि नवरा दोन्ही घेऊन गेली.

ताईने तिसऱ्या उमेदवाराची माफी मागितली. "अशी फसवून परीक्षा घेतली, राग मानू नका. सायकलवाल्यांना मी कालच फोन केला होता. ते म्हणाले, ही बाई उशिरा देईल, पण चुकीचं देणार नाही. काम तुमचं."

"थांबा," बाई म्हणाली. "माझेही प्रश्न आहेत. आधीची माणसं का गेली?"

चावीवाला घसा खाकरत राहिला. पहिल्या दोघांचं त्याने सांगितलं. तिसऱ्याचं काही सांगेना.

"त्यांचा नंबर द्या."

ताईनेच तो शोधून दिला. बाई दुकानाबाहेर जाऊन फोनवर बोलत राहिली. आत चावीवाला घाम पुसत होता. "मालकाची चौकशी करतात का कधी?" त्याने हळूच विचारलं.

"शहाणी माणसं करतात," ताई म्हणाली.

बाई परत आली. "ते म्हणतात, माणूस लाखातला आहे, शिकवतो मनापासून. पण दुसऱ्याने केलेली प्रत्येक चावी स्वतः पुन्हा घासतो. त्यांना वाटायला लागलं, आपण इथे कशाला आहोत."

चावीवाल्याने मान खाली घातली. म्हणाला, "खरं आहे ते. सवय आहे. मोडायचा प्रयत्न करीन."

बाई पहिल्यांदा हसली. "तेवढं कबूल असेल तर सोमवारी येते. नऊला उघडता ना?"

"साडेनऊला," चावीवाला म्हणाला. ताईने बघितल्यावर त्याने दुरुस्ती केली, "नऊला."