मला नेसू नका!

मी बोरा बोलतोय. हो, धान भरायचा तागाचा बोरा. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जागा मिळणार नाही.

माझा जन्म कलकत्त्याकडच्या गिरणीतला. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच्या दोन वर्षांनी मी लाखनीच्या बाजारातून सानगडीला श्यामरावांच्या घरी आलो. श्यामराव म्हणजे गावातल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचे वडीलधारे. प्रार्थनेत आवाज सगळ्यात मोठा त्यांचा.

मी ओझ्याला कधी कुरकुरलो नाही. पण त्या वर्षी माझ्याकडून जे करवून घेतलं, ते मी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

पावसानं दडी मारली होती. तळ्यात एका पाळीपुरतं पाणी. गावाचा पाणकर डोमा. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, किती वेळ पाणी जाईल, ते तोच ठरवायचा. पोळ्याच्या दिवशी त्यानं पाणी शेवटच्या बांध्यांकडे लावलं आणि बैल सजवायला घरी गेला. सगळं गाव तोरणाखाली जमलेलं असताना श्यामरावांनी माझ्यात चिखल भरला, मला पाटात आडवं टाकलं आणि पाणी स्वतःच्या बांध्यांत वळवलं. संध्याकाळी मला रिकामं करून घरी आणलं. तळं आटलं, शेवटच्या बांध्या कोरड्याच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पारीवर, म्हणजे तळ्याच्या बांधावर, गाव जमलं. डोमा शपथा घेत होता. श्यामराव म्हणाले, "सणाचा दिवस होता, डोळा लागला असन बिचाऱ्याचा."

बिचाऱ्याचा! अरे, थोडी तरी लाज? पाणी कोणाच्या बांध्यांत गेलं ते कोणी बघितलं नाही; राखण डोमाची, म्हणून लोकांनी त्यालाच पाणीचोर म्हटलं, त्याचं काम काढून घेतलं. त्याच्या बायकोला बाया विहिरीवर टोमणे मारू लागल्या.

पुढच्या रविवारी मंडळीच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, योना संदेष्ट्याची गोष्ट सांगितली. निनवे शहर पापात बुडालेलं. योनाचा इशारा ऐकून राजा सिंहासनावरून उतरला, गोणताट, म्हणजे माझ्यासारखंच गोणपाटाचं कापड, नेसून राखेत बसला. माणसंच काय, गुरांनाही गोणताट पांघरलं, आणि शहर वाचलं.

आणि हे ऐकून श्यामरावांनी काय करावं? त्याच्या पुढच्या रविवारी मला उसवून कमरेला गुंडाळलं, डोक्यात चुलीची राख घातली आणि प्रार्थनाघरात जाऊन गुडघे टेकले! "मी पापी आहो!" मंडळी रडायला लागली. कोणतं पाप, ते कोणी विचारलं नाही. मी मात्र जमेल तितका टोचत होतो. ज्या बोऱ्यानं चोरी केलीत तोच नेसून देवापुढं? नाही जमायचं, मालक!

त्यांची बायको जानकीबाई शेजारीच बसली होती. तिनं माझ्या शिवणीतला चिखल नखानं खरडला. पाटाची निळसर माती तिनं ओळखली.

"पोळ्याच्या दिवशी तुमी कुठं होते?" तिनं सगळ्यांसमोर विचारलं.

श्यामराव अजून मोठ्यानं प्रार्थना म्हणू लागले.

"निनव्याच्या लोकायनं गोणताट नेसलं, खरं हाय. पण देवानं कपडा नाही पायला. त्यायनं वाईट रस्ता सोडला, ते पायलं. तुमचा रस्ता कुठं सुटला? तिकडं डोमाची बायको पाण्याले जायले भिऊन राहिली!"

पाळक हळू आवाजात म्हणाले, "श्यामराव, पापातून तारण कमवा लागत नाही. ख्रिस्तानं क्रुसावर ते आपल्यासाठी मिळवलं. पण त्याच्याकडं तोंड करायचं, त खोट्याकडं पाठ कराच लागते. डोमाकडं जा."

श्यामराव तसेच, राखेसकट डोमाच्या अंगणात गेले. "मले माफ कर, डोमा."

डोमा उठलासुद्धा नाही. "हे सोंग काढ आधी. अन् इथं माफी कायले मागतं? जिथं मले चोर म्हटलं, तिथं बोल."

मला वाटलं, आता हा माणूस घरी पळणार. पण त्यांनी राख झटकली, मला कमरेवरून सोडलं, घडी करून हातात घेतलं आणि पारीवर गेले. गाव जमल्यावर म्हणाले, "पाणी म्यां चोरलं. ह्याच बोऱ्यानं. डोमा खरा होता." एवढंच. राख नाही, रडणं नाही. कोणी थुंकलं, कोणी शिव्या घातल्या. ते मान खाली घालून उभे राहिले, पण गेले नाहीत. मला पहिल्यांदाच त्या माणसाची कीव आली.

डोमानं मिठी वगैरे मारली नाही. इतकं सोपं नसतं ते. गावानं काम परत दिलं. परतीचा पाऊस आला, तेव्हा श्यामरावांनी आपली पाळी शेवटच्या बांध्यांना दिली. डोमानं मला मागून घेतलं, माझी खोळ करून डोक्यावर घेतली आणि भर पावसात पाट बघायला निघाला.

आजही मी त्याच्याच डोक्यावर आहे. विरलोय, फाटलोय, पण ताठ आहे. तेव्हा सांगून ठेवतो: ज्याला पश्चात्ताप नेसून मिरवायचाय, त्यानं दुसरं कापड बघावं. मी कामात आहे.