मंगळवारची बस

रास अल खैमातल्या त्या इमारतीची मोफत बस बंद होणार, हे बदरुन्निसाला नात सबाकडूनच कळलं. रविवारी आणि मंगळवारी त्या बसने ती हॉस्पिटलात जाई, नणंद हाफिजाला मऊ भात भरवायला. मुलगा अबरार पहाटेच गाडी घेऊन दुबई गाठायचा. मग हिला नेणार कोण?

बस हवी की नको, याचा सर्व्हे सबानेच केला होता. इमारतीच्या मॅनेजमेंटने कॉलेजात शिकणाऱ्या पोरीच्या गळ्यात काम घातलं होतं.

"दादी, नाइंटी पर्सेंट लोक नो म्हणाले."

"कुणाला विचारलंस गो?"

"बिल्डिंगच्या ग्रुपवर. सगळ्यांना."

"त्या ग्रुपवर मी आहे? तुझी आई आहे?"

सबाने मोबाइलवर ग्रुपची यादी उघडली. ग्रुपवर नंबर होते ते ज्यांच्या नावावर घर, त्यांचे. सगळे बाप्ये, सगळे गाडीवाले.

"ओह. सॅम्पलच चुकलं," ती पुटपुटली.

बदरुन्निसाला सिमेंट कंपनीची जुनी कॉलनी आठवली. पाण्याचा टँकर कधी यावा हे ठरवायला तिचे यजमान मोहिद्दीन दारोदार फिरायचे, चुलीपुढच्या बायकांना विचारायचे. किती घरं होती तेव्हा? मूठभर. इथे मजल्यावर मजले.

"एवढी दारं मी नाही ठोकणार," सबा म्हणाली. "चिठ्ठ्या टाकू. ज्या घराची निघेल, तिथे संध्याकाळी जायचं, सगळे घरी असताना. बायका, म्हातारे, सगळ्यांना विचारायचं."

बिर्याणीच्या पातेल्यात घरांचे नंबर ढवळले गेले. बदरुन्निसाने थकल्या हाताने एकेक चिठ्ठी काढली. स्वतःच्या घराची काही निघेना.

"आपली टाक ना निघालेल्यांत. कोण बघतंय?"

"मग चिठ्ठी कशाला म्हणायची, दादी?"

"आणि सगळे गाडीवालेच निघाले तर?"

"तर बस जाईल."

पोरगी बापावर गेली आहे, असं म्हणून बदरुन्निसा भिंतीला टेकली. वाद घालायचं त्राण नव्हतं.

दोन संध्याकाळी सबा जिने चढली-उतरली. काही दारांवर बायकांनी तिला आत बसवून घेतलं, काहींनी बसचं नाव काढताच डोळ्यांत पाणी आणलं. काहींना बस असते हेच ठाऊक नव्हतं. मॅनेजमेंटने तिचं सगळं ऐकलं आणि मधला मार्ग काढला.

"मंगळवारची राहिली, दादी. रविवारची गेली."

"खलास, ठरलं मग," बदरुन्निसा म्हणाली. रागावली नाही. हाफिजाला सांगावं लागेल, असं तिच्या मनात आलं. पण हाफिजाला आता वार कळत नव्हते. दाराकडे बघत बसणं तेवढं कळत होतं.