फाटकाचा आकडा

आईचं डोकं ठिकाणावर आहे. फक्त ते ठिकाण माझ्या घरात नाही.

सकाळी दहा वीसला, दुपारी एक पाचला आणि मग चार चाळीसला ती खुर्चीत डुलक्या घेत असली तरी एकदम ताठ होते. हात वर नेते, नसलेली साखळी खाली ओढते आणि दोन मिनिटं थांबते. माझ्या स्वयंपाकघरातून, ओट्याच्या आणि फ्रिजच्या मधून, एक अख्खी गाडी निघून जाते. मग आई साखळी सोडते, मान टाकते आणि पुन्हा झोपते. त्या दोन मिनिटांत मी मिक्सर चालवत नाही. एकदा चालवला होता, तर डोळे मिटलेल्या आईने विचारलं, "कोण आहे गं तो रुळावर आवाज करणारा?"

एकतीस वर्षं ती रेल्वेची फाटकवाली होती. बाबा रुळाच्या टोळीत होते. ते गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते, आणि आईला हे फाटक मिळालं. फाटकाशेजारी एक चौकी होती, एवढीशी, चार पावलांत संपणारी. आमचं घर तेच. गाडी यायच्या आधी खिळ्याला टांगलेले कप आपसात कुजबुजायला लागायचे, मग खाट थरथरायची, आणि मी झोपेतच आईच्या हिरव्या झेंड्यामागे चालत जायचे. नंतर सव्वीस वर्षांपूर्वी तो मार्ग बंद झाला. रूळ गवतात बुडाले. फाटकाचा आडवा दांडा कोणीतरी भंगारात नेऊन विकला. चौकी तेवढी राहिली, कारण भिंती उचलून नेता येत नाहीत.

आणि मग ती मंडळी आली. शनिवार-रविवारची. जुनं स्टेशन आणि त्याच्यासमोरचा दीड कोस रूळ पुन्हा उभा करायचा म्हणून स्वखुशीने घाम गाळणारी. माझं ग्रिलचं वर्कशॉप आहे, मला वेल्डिंग येतं, म्हणून मीही गेले. तिथे सगळे मला वेल्डिंगताई म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला ते दिवस आवडले. गवत काढलं की खालून काळा, गप्प रूळ दिसायचा, झोपेतून उठवलेल्या माणसासारखा. दातांची डॉक्टरीण होती एक. फलाटावरच्या पितळी घंटेच्या नक्षीत अडकलेली घाण ती दात कोरायच्या सुईने काढायची, आणि सवयीने घंटेला म्हणायची, "आ करा." सुतारदादा वेटिंग रूमच्या बाकाला रंधा मारायचा आणि मारता मारता त्याच बाकावर झोपायचा. उन्हात तापून रूळ टिकटिक वाजायचे. दुपार कधी संपायची कळायचं नाही.

पण या मंडळींचा एक रोग होता, आणि त्या रोगाचं नाव नियमसाहेब.

जमीन-मोजणीतून रिटायर झालेला माणूस. शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं. गाडी चालवण्याच्या नियमांचं एक जुनं पुस्तक त्याला रद्दीत मिळालं होतं आणि ते तो काखेत घेऊन फिरायचा. मी बसवलेल्या अठ्ठावीस बोल्टांचे वायसर उलटे बसलेत म्हणून त्याने मला सगळे उघडायला लावले. सुतारदादा म्हणाला, "साहेब, वायसरला तरी कळतंय का सुलटं कुठलं?" साहेब म्हणाला, "नियमाला कळतं." मी शिव्या घातल्या, मनात नाही, तोंडावर. आणि बोल्ट उघडले. कारण वायसर खरंच उलटे होते.

पहिली चाचणी ठरली. हाताने दांडा मारून चालवायची ट्रॉली, स्टेशनपासून फाटक ओलांडून पुलापर्यंत. त्याआधी बैठक झाली, आणि बैठकीत नियमसाहेबाने मूळ नकाशा टेबलावर पसरला.

"चौकी नकाशात नाही," तो म्हणाला. "नंतरची भर आहे. चाचणी झाली की पाडायची. पाहुण्यांच्या गाड्या लावायला तिथे जागा होईल."

"तुमच्या नाकावरचा चष्मापण नंतरची भर आहे," मी म्हटलं. "तोही पाडा."

सगळे हसले. हसून झाल्यावर अकरा हात वर गेले. माझा एकटीचा खाली.

"तुमचं काय आहे हो त्या चौकीत?" नियमसाहेबाने विचारलं. चिडून नाही, खरंच विचारलं.

"बालपण आहे माझं. आणि आईची एकतीस वर्षं."

"बालपणाची नोंद कुठे करायची, वेल्डिंगताई?"

मी उठून बाहेर आले. या लोकांना घंटा हवी होती, घंटा घासणारा नको होता. फाटकाचा फोटो हवा होता, आणि फाटकात जिने ऊन खाल्लं तिचं छप्पर यांना गाड्यांच्या आड येत होतं. मागून डॉक्टरीण आली. म्हणाली, "आईंना आणा ना चाचणीला. फोन चालू केलाय मी, स्टेशन ते चौकी. त्यांना त्यावर बोलू दे. पाडायच्या आधी एकदा." ती चांगली बाई आहे. चांगली माणसं असली वाक्यं बोलतात तेव्हा जास्त चीड येते.

तो फोन काय होता ते सांगते. गाडी यायची झाली की स्टेशनमास्तर चावी फिरवून चौकीत फोन करायचा. आई फाटक पाडायची, कुलूप लावायची, ओढून बघायची. मग खिळ्याला टांगलेल्या छापील कागदावरचा पुढचा आकडा मास्तरला सांगायची आणि कागदावर तो खोडायची. आकडे उलटसुलट छापलेले, पुढचा कुठला ते तिच्याशिवाय कोणाला माहीत नाही. तो आकडा म्हणजे फाटकवालीची जबान. मास्तर तो वहीत लिहायचा, मगच सिग्नल द्यायचा. आकडा नाही तर गाडी नाही.

मी आईला चौकीचं काही सांगितलं नाही. चाचणी आहे एवढंच म्हटलं.

"फाटक लावलं का?" तिने विचारलं.

"लावतील."

एवढं एक खोटं बोलले. तिने पत्र्याची डबी पिशवीत टाकली आणि केस विंचरायला बसली.

त्या रविवारी हवेत गवताची म्हातारी उडत होती, पांढरी, रेंगाळणारी. चार वाजून गेले होते. फलाटावर पाहुणे खुर्च्यांत बसले होते. चौकीत खिडकीपाशी आई बसली आणि तिने भिंतीवरून तळवा फिरवला, मी तापाने फणफणले की माझ्या पाठीवरून फिरवायची तसा. कप टांगायचा खिळा जागेवर होता. मला पुन्हा झोप यायला लागली, ती जुनी, गाडी यायच्या आधीची झोप. तेवढ्यात फोन खणखणला.

आईने उचलला. "चौकी."

पलीकडे नियमसाहेब, डोक्यावर स्टेशनमास्तरची टोपी. त्याचा आवाज मला फोनच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होता. "ट्रॉली सोडत आहोत. फाटक बंद करून आकडा द्या."

आईने खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते खांब. मधे मंडळींनी रंगीत फीत बांधली होती, तीही एका बाजूने सुटलेली.

"आकडा नाही," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

पुन्हा वाजला. पुन्हा उचलला. "आजी," साहेब म्हणाला, "सत्तेचाळीस म्हणा, नाहीतर काहीही म्हणा."

"आजी कोणाची? मास्तर, चौकीवर घरगुती बोलायचं नाही." फोन खाली.

तिसऱ्यांदा वाजला नाही. रुळाच्या कडेने साहेब स्वतःच आला, काखेत पुस्तक, टोपीखालून घाम. मागे डॉक्टरीण धापा टाकत.

"बाई," तो म्हणाला, "आकड्यांचा कागद हरवला असेल तर हरकत नाही. नुसता दाखवण्यापुरता..."

आईने डबी उघडली. चार घड्या घातलेला, पिवळा पडलेला कागद बाहेर काढला. अर्ध्याहून जास्त आकडे खोडलेले, खालचे तसेच.

डॉक्टरीण वाकून बघत म्हणाली, "सव्वीस वर्षं जपून ठेवलात?"

"कागद संपला की जमा करायचा असतो," आई म्हणाली. "हा संपला नाही. मग जमा कसा करायचा?"

"मग द्या ना आकडा," साहेब म्हणाला.

"फाटक कुठाय?"

"फाटक अजून... बाई, ही खरी गाडी नाही. ट्रॉली आहे."

"मग खरा आकडा कशाला मागतोस?"

अरे-तुरे ऐकून साहेबाने टोपी काढली. "लोक थांबलेत हो. रस्त्यावर कोणी नाही."

तेव्हाच रस्त्यावरून दोघंजण आले. कपाटाच्या दाराचा मोठा आरसा धरून, एक पुढे, एक मागे, सुटलेल्या फितीखालून वाकून, सावकाश, जसे काही पाण्यातून चालत होते. रुळाच्या बरोबर मधे पुढच्याचा हात अवघडला. त्यांनी आरसा खाली टेकवला. आरशात आभाळ होतं, उडणारी म्हातारी होती, लांबवर स्टेशन होतं आणि ट्रॉलीवर दांडा धरून तयार बसलेली चार माणसं. कडेला आमची चौकी, खिडकीत आई, आणि उघड्या डोक्याचा नियमसाहेब. सगळे त्या आरशाकडे बघत राहिलो. मागचा म्हणाला, "घे रे, उचल, बायको वाट बघतेय." आरसा उचलला गेला, आभाळ हललं, आणि ते दोघं पलीकडच्या उतारावर दिसेनासे झाले.



साहेबाने पुस्तक उघडलं. त्याला पान शोधावं लागलं नाही. ओठ हलवत वाचलं, मिटलं. माझ्या मनात आलं, आता हा नियम मोडणार, आणि मग मी याला जन्मभर सोडणार नाही. पण तो फोनपाशी गेला, चावी फिरवली आणि पलीकडे स्टेशनवर फोन घेतलेल्या सुतारदादाला म्हणाला, "चाचणी रद्द. फाटकाचा आकडा मिळालेला नाही."

"आता पाहुण्यांना काय सांगू?" सुतारदादाचा आवाज.

"हेच सांगा."

जाताना आईला म्हणाला, "बाई, बरोबर आहे तुमचं." आईने डबी पिशवीत टाकली आणि मला म्हणाली, "छोटे, लावतील म्हणाली होतीस ना?" साठीला टेकलेली मी, मान खाली घालून उभी राहिले. रात्रीपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही.

बुधवारी नियमसाहेब वर्कशॉपवर आला. मी वेल्डिंगचा मुखवटा वर केला.

"फाटकाला लोखंड किती लागेल?"

"नकाशात आहे का फाटक?" मी विचारलं.

"फाटक आहे." त्याने नकाशा माझ्या टेबलावर, ठिणग्यांच्या राखेवर पसरला. फाटकाशेजारी काळ्या शाईने, पट्टी लावून, चार पावलांची चौकी काढलेली होती. मापं खरी होती. बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं, नंतरची भर, आणि तारीख. खाली अकरा सह्या.

"फाटक असेल तर फाटकवाली लागते," तो म्हणाला. "आणि ती उघड्यावर बसेल असं पुस्तकात कुठेही नाही."

"मी सांगत होते तेव्हा कान फुटले होते का तुमचे?"

"तुम्ही बालपण म्हणालात. त्यांनी नियम सांगितला."

मला राग आला. अजून आहे. एक म्हातारी एकतीस वर्षं एका भिंतीला पाठ टेकून जगली हे पुरत नाही, पुस्तकातलं पान लागतं. हे मी त्याला त्याच शब्दांत सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाला, "तरी लोखंड किती लागेल?" मी सांगितलं. सहीच्या जागी बारावी सही माझी केली, जळक्या बोटाने, डाग पडला तो पडला.

तीन आठवडे मी आणि सुतारदादा फाटकावर होतो. दांड्याच्या मागच्या टोकाला वजन किती लावायचं ते आईने घरबसल्या हाताने सांगितलं. डोळे मिटून साखळी ओढून बघायची आणि म्हणायची, "जड आहे. अजून काढ." मी रोज संध्याकाळी थोडं काढायचे. एके दिवशी तिने झोपेत साखळी ओढली आणि हसली.

दुसऱ्या चाचणीला पाहुणे नव्हते. साहेबाने कोणाला बोलावलंच नाही. चार पस्तीसला फोन खणखणला.

"चौकी," आई म्हणाली. मग मला, "पाड."

मी साखळी ओढली. दांडा हलकेच आडवा आला, पापणी मिटावी तसा. कुलूप लावलं.

"ओढून बघ."

ओढून बघितलं.

आईने पेन्सिल जिभेला लावली. कागदावर बोट खाली सरकत गेलं आणि एका जागी थांबलं. "लिहा मास्तर. बासष्ट."

"बासष्ट," पलीकडून आवाज आला. "लिहिलं."

तिने बासष्ट खोडला. रूळ आधी कळेल न कळेल असा गुणगुणला, मग आईने खिळ्यावर टांगलेला कप हलला. मी दोन वर्षांची होते, साठ वर्षांची होते, खाटेवर झोपले होते. खिडकीसमोरून चार माणसं दांडा खालीवर करत गेली, डॉक्टरीण मागे बसून घंटा धरून, आणि त्यांच्यामागे उडालेली म्हातारी कितीतरी वेळ रुळावर तरंगत राहिली. आई हिरवा झेंडा धरून ताठ उभी होती. डोळे उघडे होते.

ट्रॉली पुलापाशी लहान झाली. आईने झेंडा गुंडाळला, कागदाच्या चार घड्या घातल्या.

"उघड आता," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."

मी बाहेर जाऊन बघितलं. रस्त्यावर दांड्यापलीकडे एक कुत्रं होतं, शेपटी पायाशी घेऊन शहाण्यासारखं बसलेलं. मी कुलूप काढलं, साखळी सोडली. दांडा वर गेला, आणि ते उठून रूळ ओलांडून गेलं.